लेपर्ड गेकोच्या पिल्लाचं लिंग वारंवार चुकीचं ठरतंय? आधी हे तपासा

लक्षणं

लेपर्ड गेको म्हणजे घरी पाळली जाणारी ठिपकेदार पाल. खालीलपैकी काहीही घडत असेल, तर बहुधा तुमच्या पिल्लाचं लिंग चुकीचं तरी ठरलंय, नाहीतर ते कळण्याच्या वयाआधीच कोणीतरी ठरवून टाकलंय.

- ‘मादी आहे’ म्हणून दिलेलं पिल्लू चार-सहा महिन्यांनी शेपटीच्या बुडाशी फुगीर दिसायला लागलंय.
- एकच फोटो पाहून दोघं नर म्हणतात आणि तिघं मादी.
- एकत्र ठेवलेल्या दोन ‘बहिणीं’पैकी एकीच्या शेपटीचं टोक गेलंय किंवा बोटांना चावे दिसतायत. ती कायम टाकीच्या थंड बाजूला बसून असते.
- एक गेको दुसऱ्यामागे फिरतो, शेपूट जोरात थरथरवतो, मानेला किंवा बाजूला चावून धरतो.
- ‘नर’ म्हणून वाढवलेल्या गेकोच्या पोटाच्या पातळ कातडीतून आत फिकट गोल दिसतायत, किंवा टाकीत सरळ अंडीच सापडली.
- तुम्ही दर आठवड्याला तपासता आणि दर आठवड्याला उत्तर बदलतं.

शेवटची तक्रार माझ्याकडे सगळ्यांत जास्त येते आणि तिचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: पिल्लू अजून खूप लहान आहे.

चूक नेमकी कुठे होते

आधी हे समजून घ्या, म्हणजे पुढच्या तपासण्यांचा क्रम आपोआप पटेल.

लेपर्ड गेकोमध्ये नर ओळखण्याच्या दोन खुणा असतात. पहिली, मलमूत्राच्या आडव्या फटीच्या किंचित वर, पोटाच्या बाजूला, खवल्यांमधली छिद्रांची रांग. पाळणारे यांना प्री-अॅनल पोअर्स म्हणतात. मी इथे सरळ छिद्रं म्हणतो. दुसरी, फटीच्या खाली शेपटीच्या बुडाशी शेजारी-शेजारी दोन फुगवटे. नराचे दोन हेमिपीन्स, म्हणजे जोडीची जननेंद्रियं, आत ओढलेल्या अवस्थेत तिथे असतात, म्हणून तो भाग फुगीर दिसतो. मोठ्या नरात या दोन्ही खुणा इतक्या ठळक असतात की एकदा पाहिल्यावर शंका उरत नाही.

पिल्लात मात्र दोन्ही खुणा हळूहळू तयार होतात, आणि इथेच लोक फसतात. छिद्रं ज्या खवल्यांत तयार होतात ते खवले मादीलाही असतात, आणि तिच्यातही ते त्याच कोनात रांगेने बसलेले असतात. गेकोचं डोकं वरच्या बाजूला येईल असा फोटो धरून पाहिला तर ही रांग घराच्या कौलारू छपरासारखी दिसते, मधलं टोक वर आणि दोन्ही बाजू खाली उतरत्या. कितीतरी लोक ही रांग दिसली की ‘नर’ म्हणून मोकळे होतात. पण प्रश्न रांग आहे की नाही हा नाहीच. त्या खवल्यांच्या मध्यभागी खरं, खोल छिद्र आहे का आणि त्यात मेणासारखा पिवळट-तपकिरी पदार्थ भरलेला आहे का, हे पाहायचं असतं. मादीत त्या जागी बारीक, उथळ खळगे असू शकतात, पण ते रिकामे असतात.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची आहे आणि तीच जास्त घडते. एवढ्याशा पिल्लात काहीच दिसत नाही, म्हणून ते मादी ठरवलं जातं. ‘दिसलं नाही’ आणि ‘नाही’ यांत फार अंतर आहे. खोल, मेण भरलेली छिद्रं स्पष्ट दिसली तर पिल्लू लहान असलं तरी ते नर आहे असं बऱ्यापैकी विश्वासाने म्हणता येतं. छिद्रं दिसली नाहीत, तर लहान वयात त्यातून काहीही सिद्ध होत नाही. म्हणूनच मादी म्हणून दिलेली पिल्लं पुढे नर निघाल्याच्या तक्रारी इतक्या येतात आणि नराची मादी झाल्याच्या कमी.

हे एवढं डोक्यात पक्कं ठेवा. आता तपासण्या, सोप्यापासून अवघड अशा क्रमाने.

सर्वांत आधी: वेगळं करा

एकाच टाकीत दोन किंवा जास्त पिल्लं असतील, तर पुढचं काही वाचण्याआधी त्यांना वेगळं ठेवा. प्रत्येकाला स्वतःची टाकी, गरम बाजू, लपायला जागा आणि पाणी. लिंग कळेपर्यंत थांबू नका, कारण वाट पाहण्यात जो धोका आहे तो सगळा एकत्र ठेवण्यामुळेच आहे. दोन नर वयात आले की भांडतात आणि त्या भांडणात एखादा जिवानिशी जाऊ शकतो. नर-मादी एकत्र असतील, तर मादीचं शरीर पुरेसं वाढण्याआधीच तिला अंडी धरण्याचा धोका असतो. दोन माद्याही एकमेकींना दाबून ठेवतात.

‘पण ते एकमेकांवर चढून झोपतात, त्यांचं छान जमतं’ असं पुष्कळ जण सांगतात. ते प्रेम नव्हे. गरम जागा एकच असते आणि दोघांनाही ती हवी असते. वर बसणारा जास्त ऊब घेतो, खालचा दबून राहतो. दोघांची वजनं वेगवेगळी लिहून ठेवायला लागलात की काही आठवड्यांत फरक कागदावर दिसतो. एकाचं वजन वाढतं, दुसऱ्याचं जागच्या जागी राहतं. लेपर्ड गेको एकट्याने राहणारा प्राणी आहे, एकटा ठेवल्याने तो उदास होत नाही.

पहिली तपासणी: वजन आणि वय

लागतो फक्त एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा. काट्यावर छोटा डबा ठेवा, काटा शून्यावर आणा, पिल्लू डब्यात ठेवा आणि आकडा लिहा. तारीखही लिहा.

अंड्यातून बाहेर येताना पिल्लू साधारण 3 ग्रॅमचं आणि 8 ते 9 सेंटिमीटर लांब असतं. एवढ्याशा जीवाच्या पोटावरची छिद्रं मोजायला जाणं म्हणजे डोळ्यांना उगाच ताण. अनुभवी प्रजनक भिंगाखाली पाहून एखाद-दोन महिन्यांच्या पिल्लांविषयीही अंदाज देतात आणि ते बऱ्याचदा बरोबरही येतात, पण तो अंदाजच असतो. माझा स्वतःचा नियम असा आहे:

15 ग्रॅमच्या आत काहीही ठरवायचं नाही. स्पष्ट मेणाची छिद्रं दिसली तर ‘बहुधा नर’ एवढंच लिहायचं.

15 ते 30 ग्रॅममध्ये पाहायचं, फोटो काढायचे, पण ‘मादी’ हा शब्द वापरायचा नाही.

30 ग्रॅमच्या पुढे, म्हणजे नीट वाढणाऱ्या पिल्लात साधारण सहा महिन्यांच्या आसपास, उत्तर बहुतेक वेळा मिळतं. एक वर्षाच्या सशक्त गेकोत सहसा शंका राहत नाही.

वयापेक्षा वजनावर मी जास्त भर देतो, कारण वय बऱ्याचदा सांगोवांगी असतं आणि उपासमार झालेलं आठ महिन्यांचं पिल्लू तीन महिन्यांच्या पिल्लाएवढंच असू शकतं. वाढ खुंटली की या खुणाही मागे पडतात. पिल्लाचं वजन आठवड्यांमागून आठवडे वाढत नसेल तर नर-मादी बाजूला ठेवा. टाकीच्या गरम बाजूचं तापमान, खाणं, कॅल्शियम आणि पोटातले जंत यांच्याकडे आधी बघा. गरम बाजूची जमीन 31 ते 33 अंश सेल्सियस नसेल तर गेकोला खाल्लेलं पचत नाही, मग वजन कुठून वाढणार?

दुसरी तपासणी: खालून पाहणं, हातात न उलटवता

फुकटात होणारी ही तपासणी सर्वांत उपयोगी आहे आणि लोक सर्वांत चुकीच्या पद्धतीने करतात ती हीच. पिल्लाला पाठीवर उताणं करून बोटांनी दाबून धरतात. पिल्लू घाबरून सुटायला धडपडतं, आणि अशा वेळी लेपर्ड गेको शेपूट टाकून देतो. शेपूट पुन्हा येते, पण ती आखूड, जाड आणि वेगळ्याच पोताची असते. शेपटीत साठवलेली चरबी गेली ती गेलीच. त्यातून शेपटीचं बूडच तर आपल्याला पाहायचं असतं.

घरात भिंतीवर दिसणाऱ्या पालीसारख्या चिकट पंजांच्या गेकोंना काचेवर चढलेलं असताना पलीकडून पाहता येतं. लेपर्ड गेकोच्या बोटांना तशा चिकट गाद्या नसतात, त्यामुळे तो काच चढत नाही. म्हणून सपाट तळाचा स्वच्छ, कोरडा, पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या. तळावर ओरखडे नसावेत. पिल्लाला पोटाखालून हात घालून उचला. वरून झडप घालून उचलू नका, वरून येणारी सावली त्याला शिकारी पक्ष्यासारखी वाटते. डब्यात ठेवून झाकण लावा आणि दोन-तीन मिनिटं तसंच राहू द्या. गुळगुळीत तळावर पाय सरकतात म्हणून सुरुवातीला ते चुळबुळ करेल. ते स्थिरावलं की डबा डोळ्यांच्या वर उचला आणि खालून पाहा. खाली गादी किंवा सतरंजी असू द्या.

वेळ दिवसाची निवडा. हे प्राणी संध्याकाळी आणि रात्री जागे होतात, दिवसा जरा मंद असतात. खाऊ घातल्यानंतर लगेच पाहू नका, हाताळल्याने ते खाल्लेलं उलटून टाकू शकतात. नुकतीच शी केली असेल तर फटीभोवतीचा भाग सैल आणि सुजल्यासारखा दिसतो, तेव्हाही थांबा. आणि शांत बसावं म्हणून पिल्लाला मुद्दाम थंड जागी ठेवू नका. असा सल्ला देणारे भेटतात, तो ऐकू नका.

तिसरी: तिरका उजेड आणि फोनचा फोटो

छिद्र खोल आहे की नुसता रंगाचा ठिपका आहे, हे समोरून मारलेल्या उजेडात कळत नाही. फ्लॅश तर अजिबात नको. सगळं सपाट होऊन जातं आणि प्लास्टिकवर चमक येते. टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरा. आता खऱ्या छिद्राच्या एका कडेला सावली पडते. नुसत्या ठिपक्याला सावली पडत नाही. फोनचा फोकस फटीच्या वरच्या भागावर लॉक करा, एका बैठकीत आठ-दहा फोटो काढा आणि मग मोठ्या स्क्रीनवर पाहा. डोळ्यांनी थेट पाहण्यापेक्षा फोटो बरा, कारण तो पुढच्या महिन्याच्या फोटोशेजारी ठेवता येतो. रत्न पारखणारे वापरतात तसं दहापट भिंग असेल तर उत्तमच.

फोटोत काय शोधायचं? मांड्यांच्या मधोमध, फटीच्या वर काही खवल्यांच्या अंतरावर ती छपरासारखी रांग. नरात साधारण दहाच्या आसपास, कधी थोडी जास्त छिद्रं असतात आणि ती एकसलग असतात. वयात येणाऱ्या नरात प्रत्येक छिद्रातून मेणाचा छोटा दाणा किंचित वर आलेला दिसतो. बोटाने हलकेच स्पर्श केला तर ती रांग खरखरीत लागते. मादीत रांगेतले खवले आजूबाजूच्यांपेक्षा थोडे वेगळे दिसतील, त्यांच्यात टाचणीच्या टोकाने टोचल्यासारखे बिंदू असतील, पण मेण नाही आणि खरखर नाही.

खूप फिकट रंगाच्या मॉर्फमध्ये, म्हणजे पैदाशीतून आलेल्या रंगप्रकारांमध्ये, अल्बिनोत विशेषतः, मेणाचा रंग कातडीत मिसळून जातो. तिथे रंग सोडा, फक्त सावलीवर विश्वास ठेवा.

चौथी: कात टाकल्यानंतर पुन्हा

लहान पिल्लं वारंवार कात टाकतात. कात टाकायच्या आधी अंगावर दुधी पापुद्रा येतो आणि त्याखाली छिद्रं झाकली जातात. त्या दोन-तीन दिवसांत काढलेला फोटो निरुपयोगी. मी नेहमी कात टाकून एक-दोन दिवस झाल्यावरच तपासायला सांगतो. तेव्हा पोटाची कातडी सर्वांत स्वच्छ असते.

कधी कधी फटीच्या कडेला जुन्या कातेचा तुकडा चिकटून राहतो आणि दुरून तो मेणासारखा किंवा फुगवट्यासारखा दिसतो. ओलसर लपण्याची जागा, म्हणजे आत ओलं मॉस किंवा ओला टिश्यू घातलेली झाकणाची डबी, टाकीत असेल तर हा प्रश्न येत नाही. तुकडा निघत नसेल तर कोमट पाण्याने ओलसर केलेला कापसाचा बोळा थोडा वेळ लावून ठेवा. नखाने खरवडू नका.

पाचवी: शेपटीच्या बुडाचे फुगवटे

ही खूण पाचव्या क्रमांकावर ठेवण्याचं कारण म्हणजे ती दिसायला सोपी आणि चुकायलाही सोपी. नरात फटीच्या लगेच खाली दोन स्पष्ट, सारखे, गोलसर उंचवटे असतात आणि त्यांच्या मधून एक खाच जाते. मादीत हा भाग सपाट असतो किंवा सलग निमुळता होत शेपटीत मिसळतो.

पण पिल्लू बारीक असेल, शेपटीत चरबी नसेल, तर मादीच्याही बुडाशी हाडं आणि स्नायू उठून दिसतात आणि ते फुगवटे वाटतात. उलट भरपूर खाऊन शेपूट गुबगुबीत झालेल्या नरात खरे फुगवटे चरबीत बुडून जातात. म्हणून एकटे फुगवटे पाहून मी कधीच निकाल देत नाही. छिद्रं आणि फुगवटे दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच.

एकाच बाजूला फुगवटा असेल तर मात्र ती लिंगाची खूण नाहीच. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

सहावी: दर महिन्याचा एकच फोटो

रोज पाहून काही हाती लागत नाही, उलट मन गोंधळतं. महिन्यातून एकदा, कात टाकल्यावर, त्याच डब्यात, त्याच बाजूने उजेड टाकून एक चांगला फोटो आणि त्याच दिवशीचं वजन. असे तीन-चार फोटो शेजारी ठेवले की उत्तर बहुधा आपोआप समोर येतं. नरात ठिपके महिन्यागणिक खोल आणि मोठे होत जातात. मादीत पिल्लू वाढतं तसे खवले मोठे होतात, पण बिंदू तसेच राहतात. एका फोटोवरून वाद घालणारे लोक ही मालिका पाहिल्यावर एकमत होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

खात्रीच्या मोठ्या नराचा आणि मोठ्या मादीचा प्रत्येकी एक फोटो तुलनेला जवळ ठेवा. मात्र आपलं 20 ग्रॅमचं पिल्लू 80 ग्रॅमच्या नराशेजारी ठेवून ‘इतकं ठळक नाही, म्हणजे मादी’ असं म्हणू नका. त्याच वजनाच्या, पुढे खात्री झालेल्या पिल्लाचा फोटो मिळाला तर तो सोन्याहून मोलाचा.

सातवी: अंडी कोणत्या तापमानाला उबवली

प्रजनकाशी बोलणं होत असेल तर विचारून घ्या. लेपर्ड गेकोचं लिंग गुणसूत्रांवर ठरत नाही, अंडं उबत असताना पहिल्या काही आठवड्यांतल्या तापमानावर ठरतं. 26 अंशांच्या आसपास जवळजवळ सगळ्या माद्या होतात. 30 अंशांना माद्या जास्त, पण नरही निघतात. 32.5 अंशांच्या आसपास नरांचं प्रमाण सर्वांत जास्त, साधारण चारात तीन. आणि त्याहून वर, 34 अंशांकडे गेलं की पुन्हा बहुतेक माद्याच.

ही माहिती उपयोगी आहे, पण ती घोळक्याबद्दल बोलते, तुमच्या एका पिल्लाबद्दल नाही. उबवणीच्या पेटीच्या दोन कोपऱ्यांत एखाद्या अंशाचा फरक सहज असतो. एका वेळी घातलेल्या दोन अंड्यांतूनही एक नर, एक मादी निघू शकते. म्हणून ‘मादीच्या तापमानाला उबवलंय’ हा पुरावा मी पारड्यात टाकतो, पण शेवटी. पोटावर मेण भरलेली छिद्रं दिसत असतील तर तापमान काहीही असो, तो नर.

याच कारणाने पक्ष्यांची करतात तशी डीएनए तपासणी इथे कामाची नाही. नर आणि मादी यांना वेगळं करणारं गुणसूत्रच नाही, तर तपासणार काय? अशी तपासणी करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

काय पाहून ठरवू नये

रुंद डोकं, जाड मान, मोठा आकार: हे मोठ्या वयात नराकडे झुकतं, पण पिल्लात याला अर्थ नाही. जायंट म्हणजे मोठ्या आकाराच्या वंशातली मादी साध्या नरापेक्षा सहज मोठी होते.

स्वभावही नको. 32-33 अंशांना उबलेल्या माद्या थंड तापमानाच्या माद्यांपेक्षा जास्त भांडखोर असू शकतात, तेव्हा ‘चावतो म्हणजे नर’ हे गणित चालत नाही. आणि पिल्लं तर सगळीच चावरी असतात. अंगावर येऊन किंचाळणारं पाच ग्रॅमचं पिल्लू फक्त घाबरलेलं असतं.

शेपूट हलवण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण यात खरा फरक आहे, फक्त तो नीट पाहावा लागतो. किड्यावर झेप घेण्याआधी गेको शेपटीचं टोक सावकाश वळवळवतो. हे दोघंही करतात. धोका वाटला की शेपूट वर उचलून संथपणे डोलवतात, तेही दोघंही. पण वयात आलेला नर मादीचा वास लागताच शेपटीचं टोक इतक्या वेगाने थरथरवतो की जमिनीवर घासून बारीक तडतड ऐकू येते. ही तडतड ऐकलीत तर नर असण्याचा संशय बळकट होतो. ती ऐकण्यासाठी दोन गेको मुद्दाम एकत्र आणू नका.

इथे थांबा

घरी करायचं ते वरच्या सात तपासण्यांत संपलं. दोन गोष्टी घरी करायच्या नाहीत. फटीत सळई घालून खोली मोजणं, म्हणजे प्रोबिंग, आणि शेपटीचं बूड दाबून हेमिपीन्स बाहेर काढणं, म्हणजे पॉपिंग. इतर काही सरपटणाऱ्या प्राण्यांत तज्ज्ञ हे करतात. एवढ्याशा गेकोत त्याने आतली नाजूक ऊती फाटू शकते, कणा दुखावू शकतो, शेपूट तुटू शकते. आणि मिळवायचं काय, तर जे उत्तर दोन-तीन महिन्यांनी काहीही न करता मिळणार आहे. कोणी व्हिडिओ दाखवून सोपं आहे म्हणालं तरी करू नका.

पुढच्या परिस्थितीत लिंगाचा प्रश्न सोडा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जा:

फटीतून गुलाबी किंवा लाल मांसल भाग बाहेर आलाय आणि आत जात नाही. नर काही क्षण हेमिपीन्स बाहेर काढून चाटून स्वच्छ करतो, ते नैसर्गिक आहे. पण तो भाग बाहेरच राहिला, सुकायला किंवा काळपट व्हायला लागला, तर ही तातडीची वेळ आहे. टाकीतली माती-वाळू काढून ओला टिश्यू अंथरा, तो भाग स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने ओला ठेवा आणि त्याच दिवशी निघा. स्वतः आत ढकलू नका.

एकाच बाजूला फुगवटा, लाली किंवा पू आहे, किंवा फटीतून कडक पिवळट काडीसारखं काही डोकावतंय. नरांत हेमिपीन्सच्या कप्प्यात साचलेला मळ घट्ट होऊन असं अडकतं. ओढून काढलं तर आतून फाटतं.

पोट फुगलंय, आत अंडी दिसतायत, ती सारखी उकरतेय पण घालत नाही, किंवा आधी अस्वस्थ होती आणि आता सुस्त पडली आहे. ही अंडी अडकल्याची चिन्हं असू शकतात आणि यात दिवस घालवू नयेत. नराशी कधीच संबंध न आलेली मादीही अंडी धरते, तेव्हा ‘ती तर एकटीच असते’ म्हणून दुर्लक्ष करू नका.

वजन भराभर उतरतंय, डोळे खोल गेलेत, शेपूट वाळलीय. इथे तर लिंगाला काहीच महत्त्व नाही.

वर्षाचा होऊनही, चांगलं वजन असूनही लिंग कळत नसेल, तर त्यासाठी पशुवैद्याची साधी भेट पुरे. ते चांगल्या भिंगाखाली पाहतील. वाढलेल्या मादीत सोनोग्राफीवर अंडाशयातले गोल दिसू शकतात. दहा ग्रॅमच्या पिल्लासाठी हे करून घेण्यात अर्थ नाही. जाताना महिन्याचे फोटो आणि वजनांची नोंद बरोबर न्या.

उत्तर मिळाल्यावर काय बदलायचं

नर निघाला तर तो कायम एकटा राहील आणि महिन्याला एकदा शेपटीच्या बुडाकडे नजर टाकायची, बस.

मादी निघाली तर टाकीत अंडी घालायची जागा कायमची ठेवा. ती आत पूर्ण वळू शकेल एवढी डबी, वरून एक भोक, आत ओलसर मॉस किंवा कोकोपीट. कॅल्शियम चुकवू नका, कारण अंड्यांसाठी लागणारं कॅल्शियम तिच्याच हाडांतून जातं. आणि ती आधी एखाद्या गेकोबरोबर राहिलेली असेल व तो आता नर निघाला असेल, तर वेगळं करून प्रश्न लगेच मिटत नाही. मादी नराचं बीज शरीरात कित्येक महिने साठवू शकते आणि नंतरही फलित अंडी घालू शकते. अशा मादीचं वजन आठवड्याला घ्या, पोट खालून पाहत राहा. ती अजून 45 ग्रॅमचीही झाली नसेल तर अंडी दिसण्याची वाट न बघता पशुवैद्याला आधीच कळवून ठेवा.

आणि उत्तर मिळेपर्यंत डब्यावरच्या चिठ्ठीवर ‘मादी?’ असं लिहू नका. प्रश्नचिन्ह पुसलं जातं आणि शब्द राहतो, मग पुढे ते पिल्लू दुसऱ्या कोणाच्या घरी मादी म्हणूनच जातं. ‘अजून ठरलं नाही’ असं लिहा, शेजारी वजन आणि तारीख टाका.